इंग्लंडच्या कालव्यावर गळ टाकताना: दोन मीटरच्या रस्त्यावर सगळ्यांना वाट देणे

इंग्लंड आणि वेल्समधल्या कालव्यांच्या काठाने जाणाऱ्या अरुंद रस्त्याला टोपाथ म्हणतात. पूर्वी या रस्त्यावरून घोडे चालत आणि दोराने मालाच्या होड्या ओढत. जुन्या पुलांच्या कमानींवर त्या दोरांनी पाडलेल्या खाचा अजून दिसतात. एका घोड्याला जेवढी वाट लागे तेवढीच ठेवलेली असल्याने पुष्कळ ठिकाणी हा रस्ता जेमतेम दोन मीटर रुंद आहे, पुलाखाली तर त्याहून कमी. आज त्यावरून चालणारे, पळणारे, सायकलवाले, बाबागाड्या, व्हीलचेअर आणि कुत्री फिरवणारे जातात. होडीवाले दोर घेऊन तिथेच उतरतात, आणि मासेमारीला आलेले लोक त्याच पट्टीच्या कडेला बसतात.

इथल्या बहुतेक कटकटींचे मूळ दोन गोष्टींत असते: बसायची जागा आणि सामानाची लांबी. या दोन्ही घरून निघण्याआधी ठरवता येतात, म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे. नव्याने इंग्लंडमध्ये आलेल्या, गावाकडे नदीवर किंवा खाडीत गळ टाकलेल्या मराठी माणसाला मासा कसा लागतो हे बहुधा ठाऊक असते. इथले कायदे आणि इथली वर्दळ मात्र वेगळी आहे.

आधी कागदपत्रे

दोन परवानग्या लागतात, एकीने भागत नाही. पहिली एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेचा रॉड परवाना, म्हणजे गळाच्या काठीचा परवाना. तो १३ वर्षांच्या आणि त्यावरील प्रत्येकाला लागतो. १३ ते १६ वयाच्या मुलांना फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. एका दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा असा तो सरकारी संकेतस्थळावरून घेता येतो. विना परवाना सापडल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कालव्यावर तपासणी होते.

दुसरी परवानगी त्या पाण्याच्या मालकाची. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे २०१२पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. एकूण लांबी सुमारे २,००० मैल. यातले बरेच तुकडे मासेमारीच्या क्लबांना भाड्याने दिलेले असतात आणि हद्द पुलांच्या क्रमांकांवरून ठरते. बहुतेक पुलांवर क्रमांकाची पाटी असते, तिचा फोटो काढून ठेवावा. एका पुलापर्यंत एका क्लबचे पाणी आणि पलीकडे दुसऱ्याचे, असे सर्रास असते. काही क्लब दिवसाचे तिकीट काठावर येऊन देतात, काही फक्त आगाऊ विकतात, हे बहुधा क्लबच्या पाटीवर लिहिलेले असते. ट्रस्टची स्वतःची ‘वॉटरवे वाँडरर्स’ नावाची योजनाही आहे. तिच्यात एकाच परवान्यावर अनेक ठिकाणी बसता येते. ब्रिजवॉटरसारखे काही कालवे ट्रस्टकडे नाहीत, तिथली परवानगी वेगळी. स्कॉटलंडमध्ये रॉड परवाना ही भानगडच नाही, पण पाण्याच्या मालकाची परवानगी तिथेही लागते.

नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात गोड्या पाण्यातल्या साध्या माशांची, म्हणजे सामन-ट्राउट सोडून इतरांची, मासेमारी बंद असते. बहुतेक कालव्यांना ही बंदी लागू नाही. गफलत होते ती केनेट अँड एव्हनसारख्या जलमार्गांवर, कारण तिथे काही पट्टे खणलेला कालवा आहेत आणि काही मुळातली नदी. टोपाथ तसाच पुढे जातो, आपण चालत राहतो आणि नकळत बंदीच्या पाण्यावर येऊन बसतो.

मासा घरी न्यायचा विचार इथे सोडून द्यावा. कालव्यातला मासा पाण्याच्या मालकाच्या हक्कातला धरला जातो, परवानगीवाचून नेणे गुन्हा आहे आणि क्लबांचे नियम जवळपास सगळीकडे मासा परत सोडायलाच सांगतात. कालवण करायचे असेल तर बाजारातला मासा बरा.

जागा: सामान न घेता एकदा चालून या

पहिल्या खेपेला रॉड घरी ठेवून फक्त जागा पाहून यावे. आपल्याकडचा पाटबंधाऱ्याचा कालवा पाणी सुटले की धावतो, इथले कालवे जवळजवळ स्थिर असतात. त्यामुळे मासा कुठेही असू शकतो आणि जागा निवडायला भरपूर मोकळीक मिळते. ती रस्त्याच्या सोयीने वापरावी.

टाळायच्या जागा आधी पाहू. लॉक, म्हणजे होड्यांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारा दरवाजांचा हौद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा साधारण २५ मीटरचा भाग सोडावा. तिथे होडी काठाला लागते, कोणीतरी दोर घेऊन उडी मारते, आणि त्या वेळी पायाखाली तुमची बसायची सामानाची पेटी असली तर अपघात ठरलेला. काठावर दोर बांधायचे ठेंगणे खांब दिसले की ती जागा होडीवाल्यांची समजावी. पाण्याचे नळ, फिरते पूल, आणि विंडिंग होल म्हणजे लांब होडी वळवायला कालवा मुद्दाम रुंद केलेला असतो ती जागा, हेही सोडावे. ही जागा मोहात पाडते, कारण पाणी रुंद दिसते आणि मासेही असतात. पण वीस मीटरची होडी आडवी फिरते तेव्हा तिचे नाक थेट तुमच्या मांडीवर येते.

पुलाच्या कमानीखाली पाऊस लागत नाही म्हणून नवखे तिथे बसतात. सगळ्यात वाईट जागा तीच. रस्ता तिथे सर्वांत अरुंद असतो, अलीकडे-पलीकडे बहुधा वळण असते आणि उजेडातून येणाऱ्या सायकलस्वाराला पहिले दोन-तीन सेकंद आत काहीच दिसत नाही.

वर पाहायला विसरू नये. विजेच्या तारांपासून ३० मीटरच्या आत बसू नये. इथले पोल, म्हणजे मासेमारीच्या लांब काठ्या, कार्बन फायबरचे असतात आणि त्यातून वीज वाहते. तारेला स्पर्श व्हायलाच हवा असेही नाही, उच्च दाबाची वीज हवेतले अंतर उडी मारून ओलांडते. अशा ठिकाणी इशाऱ्याच्या पाट्या असतात, पण झाडोऱ्यात लपलेल्या पाट्याही कमी नाहीत.

चांगली जागा म्हणजे सरळ पट्टा, दोन्हीकडे निदान ५० पावले मोकळी नजर, पाणी आणि रस्ता यांच्यामध्ये मीटरभर गवत. पाठीमागच्या झुडपांत फट असली तर सोन्याहून पिवळे, कारण लांब पोल त्या फटीतून मागे जाऊ शकतो. समोरच्या काठावर होड्या बांधलेल्या असतील तर तिथे गळ टाकू नये. त्या होड्यांत लोक राहतात, आणि सकाळी सहाला खिडकीवर शिसपेन्सिलीएवढा फ्लोट, म्हणजे गळाच्या दोऱ्यावरचा तरंगणारा तुकडा, आपटला की कोणीही चिडेल. समोरचा काठ बहुधा खासगी असतो, बसायचे टोपाथच्या बाजूलाच.

लंडनच्या पश्चिमेला राहणाऱ्या नवख्याला ग्रँड युनियन कालव्याची स्लाऊ शाखा सोपी जाते. १८८२मध्ये सुरू झालेली ही शाखा सुमारे पाच मैल लांब आहे, तिच्यावर एकही लॉक नाही आणि शेवट बंद असल्याने होड्यांची ये-जा कमी. याउलट रीजंट्स कालव्याचा मध्य लंडनमधला भाग सायकलने कामावर जाणाऱ्यांचा हमरस्ता आहे. तिथे बसायचेच असेल तर उजाडताच बसून साडेसातला गाशा गुंडाळावा. शहरात कुठेही सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या वेळा टाळलेल्या बऱ्या. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी दुपारी होड्यांची रांग लागते. हिवाळ्यात दोन्ही शांत असते, फक्त मासाही सुस्त असतो.

सामान: आखूड घ्या

कालवा साधारण दहा-बारा मीटर रुंद असतो, मध्यभागी एक ते दीड मीटर खोल, दोन्ही कडांना उथळ. पलीकडच्या झुडपांखाली मोठे मासे असतात म्हणून अनुभवी लोक ११ ते १४ मीटरचा पोल वापरतात. त्याला रीळ नसते. मासा लागला की पोल हाताखालून मागे सरकवत आणायचा आणि शेवटचा अडीच-तीन मीटरचा तुकडा सुटा करून मासा उचलायचा. हिशेब सोपा आहे. ११ मीटरच्या पोलमधला आठ मीटरचा भाग मागे जातो आणि रस्ता दोन मीटरचा. म्हणजे प्रत्येक माशामागे आणि प्रत्येक वेळी आमिष बदलताना एक काळी, बारीक, गुडघ्याच्या उंचीची काठी रस्त्यावर आडवी येते. सायकलवाल्याला ती दिसत नाही. ती तुटली तर काहीशे पौंड जातात, तो पडला तर त्याहून वाईट.

म्हणून पहिले वर्षभर चार मीटरची व्हिप वापरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिप म्हणजे रीळ नसलेली हलकी काठी, काठीएवढीच लाइन, म्हणजे गळाचा दोरा. मासा उचलून सरळ हातात येतो, मागे काहीच जात नाही. आणि मासे मिळत नाहीत असे मुळीच नाही. अलीकडच्या काठाची उथळ पायरी जिथे संपते आणि तळ खोल होतो, ती जागा बहुधा काठापासून दोन ते चार मीटरवरच असते. रोच, पर्च आणि गजन हे छोटे मासे तिथे चरतात.

यासाठी ०.४ ग्रॅमचा फ्लोट, गळाजवळ ०.१० मिलिमीटरची लाइन आणि १८ किंवा २० नंबरचा बिनकाट्याचा गळ पुरतो. गळावर एक अळी, किंवा पांढऱ्या पावातून नळीने काढलेला चार-पाच मिलिमीटरचा तुकडा. आधी खोली मोजावी आणि आमिष तळाला जेमतेम टेकेल असा फ्लोट लावावा. सुरुवातीला मिक्सरमधून काढलेल्या पावाचा लिंबाएवढा एकच गोळा टाकावा. उत्साहाने चार-पाच गोळे टाकले तर मासे पोट भरून निघून जातात, वर बदके गोळा होतात.

वजने शिशाची नकोत. ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजने १९८७पासून बंद आहेत. ती गिळून राजहंस मोठ्या संख्येने मरत होते. दुकानात बिनशिशाची मिळतात, जुन्या पेटीतली मात्र तपासून घ्यावीत.

नकली माशाने, म्हणजे लूअरने फिरत मासेमारी करायची असेल तर सामान कमीत कमी लागते, पण धोका मागच्या फेकीचा असतो. डोक्यावरून फेकू नये. रॉडचे टोक पाण्याच्या बाजूला ठेवून खालून फेकावे, आणि प्रत्येक फेकीआधी मान मागे वळवून पाहावे. तीन टोकांचा गळ पळणाऱ्याच्या गालात अडकायला एक क्षण पुरतो.

मांडणी

नियम एकच: सगळे सामान पाण्याच्या बाजूला, रस्त्यावर काही नाही. पेटी थेट काठावर, पाय पाण्याकडे. लँडिंग नेटचा, म्हणजे मासा पाण्यातून उचलायच्या जाळीचा दांडा काठाला समांतर ठेवावा. पिशव्या मागच्या झुडपाला टेकवून ठेवायची सवय वाईट, कारण मग लोक तुमच्या आणि तुमच्या सामानाच्या मधून जातात आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी रस्ता ओलांडता. सामानाची गाडी न्यावीच लागली तर ती झुडपाच्या कडेने लांबीत उभी करावी. मोठी छत्री दोन मीटरच्या रस्त्यावर शोभत नाही, तिची काडी नेमकी सायकलस्वाराच्या डोळ्याच्या उंचीला येते. त्यापेक्षा चांगला रेनकोट घ्यावा.

आमिषाच्या डब्यांना झाकणे लावावीत. कुत्र्याला अळ्याही आवडतात आणि मांसाचे तुकडे तर फारच. गळ लावलेले मांस जमिनीवर राहिले आणि कुत्र्याने गिळले की मामला शस्त्रक्रियेपर्यंत जातो. आमिष बदलायला थांबलात तरी गळ हातात किंवा रॉडच्या कडीत अडकवलेला असावा. रॉड पाण्यात सोडून उठून जाणे नियमाविरुद्ध आहे, चहा आणायला जातानाही लाइन बाहेर काढावी लागते.

मासे ठेवायची लांब जाळी, म्हणजे कीपनेट, नवख्याला लागत नाही. मासा लगेच सोडला की प्रश्न मिटला. वापरायचीच झाली तर ती बिनगाठीची, निदान दोन मीटर लांब आणि २५ मिलिमीटरपेक्षा मोठी भोके नसलेली असायला हवी.

लांब पोल वापरायचाच असेल तर

पोल मागे घेण्याआधी उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा. पाठीमागे रस्ता आहे हे मासा लागल्यावर विसरायला होते, म्हणून ही सवय रिकाम्या पोलवर आधी घोटावी. पोल रस्त्याला काटकोनात न नेता तिरका, रस्त्याच्या रेषेत न्यावा. त्याहून बरे म्हणजे तो दोन टप्प्यांत उतरवणे: मागचे दोन तुकडे सुटे करून काठाला समांतर ठेवायचे, मग उरलेला मागे घ्यायचा. वीसेक सेकंद जास्त जातात आणि एखादा मासा सुटतो, पण रस्ता मोकळा राहतो. कोणी अगदी जवळ आले असेल तर पोल मागे घेऊच नये. टोक वर करून तो पाण्यावरच धरावा, मासा थोडा खेळू द्यावा आणि माणूस गेल्यावर काम पुढे न्यावे. आमिष लावताना पोलचा मागचा भाग रस्त्यावर पडून राहणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

माणसे येतात तेव्हा

टोपाथवर पायी चालणाऱ्याला अग्रक्रम आहे. सायकलवाल्याने वेग कमी करून वाट द्यायची असते, तरी त्याचा अर्थ गळ टाकणारा रस्त्याचा मालक होतो असा नाही. घंटी ऐकू आली की हात वर करावा किंवा ‘थँक यू’ म्हणावे. ऐकले आहे हे त्याला कळले पाहिजे, नाहीतर तो तुमच्या शेजारी येऊन अचानक ब्रेक मारतो. पांढरी काठी घेतलेली व्यक्ती येत असेल तर आधी आवाज द्यावा, आपण कुठल्या बाजूला आहोत ते सांगावे आणि ती जाईपर्यंत पोल हलवू नये. कानात इअरफोन घालून पळणारे लोक काही ऐकत नाहीत असेच धरून चालावे.

हा लेख वाचणारे काही जण गळ टाकत नसतील, फक्त तिथून सायकलने जात असतील. त्यांच्यासाठी एवढेच: वीसेक मीटर अलीकडून चालण्याच्या वेगावर या, एकदा घंटी वाजवा, पोल आडवा असेल तर थांबा. त्यावरून उडी मारू नका, उचलून बाजूला करू नका. कुत्रे दोरीवर घ्या. खासगी इलेक्ट्रिक स्कूटरला टोपाथवर परवानगी नाही.

होड्या

होडीचा आवाज दूरवरून येतो. ती शे-दोनशे मीटरवर असतानाच लाइन उचलायची तयारी ठेवावी, आणि होडीचे नाक तुमच्यासमोर यायच्या आधी गळ पाण्याबाहेर असावा. ‘तिने थांबावे’ ही अपेक्षा व्यर्थ आहे. पोलादी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची अरुंद लांब होडी, पंधरा-वीस टनांची असते, तिला ब्रेक नसतात, उलटा पंखा फिरवूनच ती हळूहळू थांबते आणि थांबताना वाकडी जाते. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे. कडा उथळ असल्यामुळे होडी मधूनच जाते, आणि तिने मध्येच राहावे हे तुमच्याही हिताचे. होडी चालवणाऱ्याने तुम्हाला पाहून वाट देण्यासाठी कडेला येऊ नये, एकदम वेगही वाढवू-घटवू नये. संथ, एकाच वेगाने जावे.

होडी जाताना काठाचे पाणी आधी खाली ओढले जाते आणि ती गेल्यावर परत उसळते. काठावर सैल ठेवलेले जाळे याच वेळी वाहून जाते आणि पेटीचे पाय खोल रुतवलेले नसतील तर बसणाराही हलतो. नंतर पाणी गढूळ होते. नवखे इथे वैतागून जागा सोडतात, ते करू नये. तळ ढवळल्याने खाणे उघडे पडते आणि पाच-दहा मिनिटांत मासे पुष्कळदा जास्त जोमाने टोचतात. वारा नसताना फ्लोट आपोआप एका दिशेला वाहू लागला तर घाबरू नये: जवळच्या लॉकमध्ये कोणी पाणी भरते किंवा सोडते आहे, थोड्या वेळात थांबेल.

तुम्ही बसला आहात तिथेच कोणाला होडी बांधायची असेल आणि तिथे होड्यांसाठी राखीव असल्याची पाटी असेल, तर उठावे. पाटी नसेल तर बोलून घ्यावे, बहुतेक जण वीस मीटर पुढे जायला राजी असतात.

आवरताना आणि काही बिघडले तर

तुटलेली लाइन पाण्यात किंवा झुडपात सोडू नये. ती बोटाभोवती गुंडाळावी, छोटे तुकडे करावेत आणि घरच्या कचऱ्यात टाकावी. राजहंस किंवा बदक लाइनमध्ये अडकले तर लाइन कापून पक्षी सोडून देऊ नये, कारण तो गळ घेऊन उडून जातो आणि मग हाती लागत नाही. रॉड धरून ठेवावा, पक्ष्याला सावकाश काठाकडे आणावे आणि प्राणिमदतीच्या आरएसपीसीए या संस्थेला कळवावे.

पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले, तेलकट थर दिसला किंवा कोणी जाळे लावून मासे उपसताना दिसले तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा चोवीस तास चालणारा ०८०० ८० ७० ६० हा क्रमांक लावावा, आणि जवळच्या पुलाचा क्रमांक सांगावा. स्वतः वाद घालायला जाऊ नये.

मुंबईत पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते तोच रोग इथे वाइल्स डिसीज या नावाने ओळखतात, आणि तो उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या कालव्याच्या पाण्यातूनही होतो. हाताला कापले असेल तर पट्टी लावून बसावे, हात न धुता डबा उघडू नये. नंतर ताप आला तर डॉक्टरला कालव्याचे पाणी लागल्याचे आवर्जून सांगावे, ते स्वतःहून विचारतीलच असे नाही.

जाळी आणि बूट घरी नेऊन शेवाळ, गोगलगायी काढाव्यात, धुवावेत आणि पूर्ण वाळवावेत. एका कालव्यातली परकी वनस्पती ओल्या जाळीतून दुसऱ्यात सहज जाते. फ्लोटिंग पेनीवर्टचा एक छोटा तुकडाही नव्या पाण्यात रुजतो आणि उन्हाळ्यात अख्खा कालवा झाकून टाकतो. ओलसर इंग्लिश हवेत जाळे वाळायला दोन दिवस सहज लागतात, म्हणून शनिवारी एका पाण्यावर आणि रविवारी दुसऱ्यावर जायचे असेल तर जाळी दोन ठेवाव्यात.